एका पोटच्या

बुधवार, ११

बारके,

कोपरापर्यंत साबण लावून झाला होता, नळ सोडायचा तेवढा राहिला होता. तिथंच थांबले. हात फडक्याला पुसले आणि वही घेऊन बसले. पानाच्या कडेचा डाग साबणाचा आहे. रडले नाही.

तू बरी असशील. कंपनीनं पाठवलेल्या नव्या गावी पाण्याची काय तऱ्हा? वरच्या मजल्यावरची खोली मिळाली का? इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा होता तसाच आहे. तुझा नव्या कामावरचा, पांढऱ्या कोटातला फोटो तिला दाखवला. चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि म्हणाली, "बारकी डॉक्टरीणच दिसते गं." मग शेजारणीला दाखवायला घेऊन गेली. तो अजून परत आलेला नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर तू हसतेस, तू हसलीस की मलाही हसू येतं, आणि बोलायचं ते राहून जातं. लहानपणी मार मला बसायचा आणि हसू दोघींना यायचं. म्हणून पत्र.

कारखान्यातलं सांगते. बॅटरीच्या प्लेटांच्या खात्यात दोन नव्या मुली आल्यात. मुकादम त्यांना आधी बेसिनपाशी नेतो आणि तुझ्या फोटोकडे बोट दाखवतो. फोटो आता मोठा केलाय, वर काच बसवलीय. फेसात माखलेले तुझे दोन हात आणि खाली 'हिच्यासारखे हात धुवा.' एक मुलगी म्हणाली, "ह्या बाईंचं तोंड का नाही दाखवलं?" मुकादम म्हणाला, "तोंडाचं काय काम आहे इथं?" सगळ्या हसल्या. मी खोकी मोजून द्यायला आले होते, मीही हसले.

मी अजून रिकाम्या खोक्यांच्या गोदामातच आहे. तिथं शिसं नाही, धूळ नाही. दिवसभर पुठ्ठ्याचा वास. लोक चांगले वागतात. माझ्या हातचा चहा घेत नाहीत, पण नको म्हणताना हसून नको म्हणतात.

रविवारी वन्संकडे जाऊन माझ्या ठकीला भेटून आले. दर रविवारसारखंच. दाराशी चपला काढल्या की डावीकडे मोरी. वन्सं टॉवेल घेऊन उभ्या असतात. मी हात धुते, त्या बघतात. "वहिनी, राग मानू नका, लेकरासाठी." मी म्हणते, "छे, राग कसला." ह्या वेळी ठकी धावत आली आणि चार पावलांवर थांबली. आधी विचारलं, "धुतलेस?" मग स्वतःच तीसपर्यंत मोजून दाखवलं. एकोणतीसला ती नववीस म्हणते. तिला वाटतं हा आमच्या दोघींचा खेळ आहे. खेळ म्हणून ती बरी खेळते. मी टेबलाच्या ह्या बाजूला बसते, ती त्या बाजूला. निघताना तिनं पापा हवेत फेकला. हवेतला कुणाला लागत नाही, असं तिला शिकवलंय.

तिच्या रक्तातला शिशाचा आकडा अकरावर होता, तो नऊवर आलाय. वन्सं म्हणाल्या, "बघा, इथं आल्यापासून उतरला." बरोबरच आहे त्यांचं. घरात काहीतरी येत होतं आणि आता येत नाही. ते कुठून येत होतं, एवढंच मी विचारत नव्हते. तुझे भाऊजी काहीच बोलत नाहीत. न बोलण्यात ते पहिल्यापासून वाकबगार.

आता जे लिहायचं ते लिहिते.

सोमवारी नळीवाल्या बाई घरी आल्या होत्या. आठवतात ना, विद्यापीठाच्या, रक्ताच्या नळ्या पेटीत उभ्या लावायच्या. तूच त्यांचं नाव पाडलंस. चहा दिला, त्यांनी घेतला. पाच महिन्यांत माझ्या हातचा चहा घेणारं बाहेरचं माणूस पहिलंच. कप रिकामा करून त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघी जुळ्या का?"

म्हटलं, "नाही हो. सात वर्षांनी मोठी आहे मी. दिसत नाही का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जुळ्या असत्या तरी जुळलं नसतं म्हणा."

आणि मग त्यांनी सांगितलं. मी दोनदा समजावून घेतलं. तुलाही समजेल असं लिहिते, कारण कारखान्याच्या डॉक्टरांच्या खोलीत हे कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

आपण दोघी एकाच टेबलावर प्लेटा रचत होतो. एकच हवा, एकच डबा, एकाच घरात झोपणं. तरी माझ्या रक्तात शिशाचा आकडा बावन्न आणि तुझ्यात सोळा. त्या बाईंना ह्याचंच कुतूहल होतं, म्हणून तर ते शौचाचे डबे. त्या म्हणतात, माणसाच्या आतड्यात जिवाणू असतात, कोट्यवधी. तोंडावाटे शिसं आत गेलं की त्यातले काही ते स्वतःला चिकटवून घेतात, काही आतड्याचं अस्तर घट्ट ठेवतात. चिकटलेलं शिसं सकाळी बाहेर पडतं. उरलेलं रक्तात शिरतं. उंदरांचे हे जिवाणू औषधं देऊन मारले, तर तेवढ्याच शिशातलं जास्त शिसं त्यांच्या अंगात उतरतं. माणसांचं अजून नक्की सांगता येत नाही, असं त्या चारदा म्हणाल्या. पण माझी दाढ काढल्यावर हाडात पू झाला होता आणि नमुना द्यायच्या आधी मी चार महिने जिवाणू मारायच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, ते ऐकून त्या पुढं सरकून बसल्या. "हे तेव्हा सांगितलं होतं तुम्ही?" म्हटलं, "फॉर्मात लिहिलं होतं." त्या म्हणाल्या, "मग मला तुमच्या नमुन्यात मोडतोड दिसायला हवी होती. दिसलं भरलेलं गोकुळ. जसंच्या तसं तुमच्या बहिणीचं."

मग म्हणाल्या, "दोन माणसांत इतकं सारखं नसतं. अठरा आणि एकोणीस हे एकाच माणसाचे डबे आहेत."

अठरा नंबर माझा.

मी उठून कप धुतले. दोनच कप होते. बराच वेळ लागला.

डबे द्यायचे होते त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. निळ्या झाकणाचा डबा कागदात, कागद पिशवीत, पिशवी तुझ्या हातात. नऊच्या आत पोचवायचा, थंड राहायला हवा होता. तू नाक दाबून म्हणालीस, "ताई, लोक काय काय गोळा करतात गं!" दोघी हसलो. पुढं काय झालं? बसमध्ये राहिला? सांडला? की लाज वाटली आणि फेकून दिलास? नंतर कुठूनतरी दुसरा डबा घेतलास, माझा नंबर चिकटवलास आणि दोन्ही तूच भरलेस. तेव्हा सांगितलं असतंस तर मी पोट धरून हसले असते. त्या दिवसाचा मला राग नाही. खरंच नाही. त्या दिवशी ती नुसती आपली बारकी होती.

राग नंतरचा आहे.

डॉक्टरांची खोली आठव. खिडकी बंद होती, पंखा कागद उडवत होता आणि त्यांनी आपल्या दोघींच्या कागदांवर एकच पेपरवेट ठेवला होता. ते खुशीत होते. म्हणाले, "एका पोटच्या बहिणी, आणि पोटंही अगदी एकच निघाली! कमाल आहे." मुकादम हसला. तूही हसलीस. मला वाटलं आपलं कौतुकच चाललंय, म्हणून मीही. मग ते म्हणाले, "म्हणजे पोटाचा काही दोष नाही. फरक राहिला तो हातांचा." आणि त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मी ते टेबलाखाली घेतले. बारके, मी ते टेबलाखाली का घेतले? स्वच्छ होते.

ते तुझ्याकडे वळले. "तुम्ही रोज हिच्या शेजारी असता. कसं काय असतं हिचं?"

तू जे बोललीस ते मी आईला सांगितलेलं नाही. भाऊजींनाही नाही. वन्संना तर नाहीच, कागदावर जे छापून आलं तेच त्यांना पुरे झालं. 'वैयक्तिक स्वच्छतेत निष्काळजीपणा.' ठकीची तपासणी त्याच आठवड्यात झाली. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वन्संनी वाचले आणि ठकीचे कपडे भरायला घेतले. मी त्यांना बॅग वरून काढून दिली.

तू म्हणालीस, "ताई कधी कधी घाईत असते हो."

एवढंच. पुढचा 'हो' कशाला लावलास? त्या 'हो'मुळे ते खरं वाटलं. नुसतं म्हणाली असतीस तर चहाडी वाटली असती. 'हो' लावलास आणि माया वाटली. मला स्वतःलाही वाटली. घरी येताना मी तुला म्हणाले, "चुकलंच माझं कुठंतरी." तू बसच्या खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि म्हणालीस, "जाऊ दे गं ताई."

पाच महिने मी शोधतेय की कुठं चुकलं. नोकरीचे नऊ वर्षांचे दिवस काढून बघितले. एक सापडला. ठकीला ताप आल्याचा निरोप आला तेव्हा मी तशीच पळाले होते, अंगावर कामाचे कपडे, हात तसेच. तू मागून ओरडलीस, "ताई, हात!" तो एक दिवस. तोच धरून तू 'कधी कधी' म्हणालीस, असं मी तुझ्यासाठी मानून घेतलं. बाईंना विचारलं, एका दिवसानं बावन्न होतं का? त्या म्हणाल्या, "एका दिवसानं काही होत नाही. वर्षानुवर्षांचं आहे ते." पण तोवर मी रोज आठ वेळा हात धूत होते, ब्रशनं. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटलीय. मीठ लागलं की समजतं.

तू गप्प राहिली असतीस तर तो एक गुन्हा झाला असता. तू माझ्याच हातांवरचा माझा विश्वास काढून घेतलास. पाच महिने मी ठकीसमोर ते मांडीखाली दाबून बसले.

आता एक माझं. हे लिहायचं नव्हतं, पण मघाशी नळापाशी थांबले ते ह्याच्यासाठीच.

हात धुवायला तुला मी शिकवलं. कोपरापासून खाली, बोटांच्या बेचक्या, नखांना ब्रश, मनात तीस. तू पहिल्या आठवड्यात तीसपर्यंत मोजलंस. मग दहा. मग पाण्याखाली हात धरायचे, झटकायचे आणि "झालं गं ताई." दाराशी मुकादम वहीत खुणा करायचा. त्याला तू दिसायची नाहीस, मी मधे उभी असायचे. मुद्दाम उभी राहायचे. तो विचारायचा, "धाकटीचं?" मी म्हणायचे, "झालं तिचं." तीन वर्षं. मला वाटायचं, पोर आहे, कंटाळते. आणि तुझा आकडा तर दर वेळी कमीच यायचा. कमी येतोय म्हणजे हात स्वच्छच असणार, असं मी धरलं. डॉक्टरांनीही तेच धरलं. कंपनीनं त्याचा फोटो काढून काचेत लावला.

शिसं तुझ्याही तोंडात जातच होतं, बारके. बाई म्हणाल्या ते खरं असेल तर तुझ्या पोटातलं गोकुळ ते धरून ठेवत होतं. रक्तात सोळा याचा अर्थ हातावर सोळा असा होत नाही.

घरी आल्यावर ठकी कुणाकडे झेपावायची? मी आधी न्हाणीघरात जायचे, कपडे बदलायचे. ती दारात तुझ्याच कडेवर असायची. तुझं बोट तोंडात धरून. ती दात येताना तुझंच बोट चावायची, तुला आवडायचं ते. "ताई, बघ, उंदीर!"

हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. खोटं कशाला, थोडं दुखवायलाही लिहितेय. पण जास्त आहे ते हे, की मी मधे उभी राहिले. मुकादमाच्या आणि तुझ्या मधे. तसं उभं राहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्यावर वेळ आली तेव्हा मी तुझ्यासाठी खोटं बोलले, रोज, आणि माझ्यावर आली तेव्हा तू. मी त्या खोलीत एक वाक्य बोलू शकले असते. "हिचं विचारा." जिभेवर होतं. मोठी बहीण म्हणून गिळलं. तुझ्या जिभेवर तेव्हा काय होतं ते मला कधी कळणार नाही.

मी काय करणार आहे ते आधीच सांगते, मागाहून तुला वाटायला नको. नळीवाल्या बाईंना मी सोमवारी एवढंच म्हणाले, "बघते, आठवून सांगते." त्यांनी ओळखलं असेल. त्या वाट बघतायत. मी तुला आठ दिवस देते. पुढच्या बुधवारपर्यंत. तू स्वतः डॉक्टरांना लिही, की दुसरा डबा मी भरला. कारणं नकोत, रडारड नको, ओळ पुरे. त्याची एक प्रत मला. ती मी वन्संपुढं ठेवीन आणि ठकीला घरी आणीन. हे कळल्यावर तुझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. फोटो उतरवतील बहुतेक. आईला काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

हातांचं मी कुणाला सांगणार नाही. ते आपल्या दोघींत राहील. ह्यावर विश्वास ठेव.

स्वेटर पाठवतेय वेगळा. तिकडे थंडी असेल. बटण लावलंय, रंग थोडा वेगळा आहे.

कागदोपत्री तुझ्याच पोटाची,
ताई

गुरुवार, १२

वरचं पत्र सकाळी टाकणार होते. सातला वन्संचा फोन आला. ठकीचं नाव तिकडच्याच शाळेत घालतायत, फॉर्मवर आईची सही लागते, दहापर्यंत या म्हणाल्या. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "तिकडे रुळलीय ती." एवढं लांब वाक्य त्यांनी पाच महिन्यांत पहिल्यांदा उच्चारलं.

मी तिकडे गेले नाही. नऊला विद्यापीठात गेले. बाईंना दुसऱ्या डब्याचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. मग त्यांनी विचारलं, कामानंतर तुमची बहीण हात कसे धुवायची? तेही सांगितलं. वर आठ दिवस लिहिलंय, आणि दुसरंही एक लिहिलंय. दोन्ही खोडत नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "बहिणीला माहीत आहे ना, तुम्ही इथं आलात ते?"

"हो," म्हणाले. "पत्रानं कळवलंय."

पत्र पिशवीत होतं. जिना उतरून खाली आले, हे एवढं टपालपेटीवर ठेवून लिहिलं. आता टाकते.